नगरकारभार आणि शाळा

नागरिकशास्त्र हा विषय आमच्याकडील शाळांतून आज कित्येक वर्षें शिकविला जात आहे. महापौर आणि आयुक्त यांच्या अधिकारांत भेद काय, नगरपालिका आणि महानगरपालिका यांस वेगळें कां मानितात, स्थायी समितीचें काम कोणतें, इत्यादि प्रश्नांचीं उत्तरें साधारण बुद्धीचा विद्यार्थीहि परीक्षेंत बिनचूक लिहितो. परंतु त्याच विद्यार्थ्यास, तुझ्या गल्लींतील नळास पाणी किती वेळ सोडावें हें कोण ठरवितें, तुझ्या प्रभागांतून निवडून गेलेले सभासद कोण, शेजारच्या वस्तींतील शौचालयांसाठीं गेल्या वर्षीं किती पैसा मंजूर झाला व त्यांपैकीं किती खर्च पडला, असें विचारलें असतां तो गप्प बसतो. यांत त्याचा दोष नाहीं. हें त्यास कोणी शिकविलेलेंच नसतें.

ही उणीव लहान नव्हे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील दर शेंकडा ४५ माणसें शहरांत राहत होतीं. सबंध देशाचें तेंच प्रमाण शेंकडा ३१ होतें. मुंबईंत तर त्या वेळीं शेंकडा ४० हून अधिक लोकांची वस्ती झोपड्यांत होती. इतक्या लोकांच्या पाण्याचा, दिव्यांचा, दवाखान्यांचा व शाळांचा कारभार नगरसंस्थांच्या हातीं असतो. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजीं अंमलांत आली, आणि तिनें या संस्थांस घटनेंत मानाचें स्थान दिलें. पांच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीं नवी निवडणूक व्हावी, सभासदांत एकतृतीयांशाहून कमी स्त्रिया नसाव्या, तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या असाव्या, असे नियम तिनें घालून दिले. स्त्रियांचें तें प्रमाण महाराष्ट्रानें २०११ सालीं निम्म्यावर नेलें. घटनेच्या बाराव्या अनुसूचींत नगरसंस्थांकडे सोंपवितां येतील अशीं १८ कामें सांगितलीं आहेत. त्यांत रस्ते व पाणीपुरवठा आहेतच. पण झोपडवस्त्यांची सुधारणा, शहरांतील दारिद्र्याचें निवारण आणि दुर्बलांच्या हिताचें रक्षण हींहि आहेत. नगर सर्वांचें असावें, हा केवळ सुविचार राहिला नसून देशाच्या मूळ कायद्यांत त्याची नोंद झाली आहे.

कायदा इतका उदार असतां व्यवहार कसा झाला, तें पाहावें. मुंबई व पुणें येथील महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. प्रभागरचना व आरक्षण यांच्या वादांत निवडणुका पुढें पुढें गेल्या, आणि दोन्ही शहरांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हातीं राहिला. निवडणुकांस चालना मिळण्यासाठीं ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला. त्या काळांत रस्ते झाडले गेले, दिवे लागले, अंदाजपत्रकेंहि मंजूर झालीं. आणि म्हणूनच कित्येक सुशिक्षित गृहस्थ, “सभासदांवांचून कांहीं अडलें नाहीं,” असें बोलूं लागले. आम्हांस या बोलण्याची चिंता वाटते. ज्याच्या घरीं पाणी येतें त्याचें सभासदावांचून अडत नाहीं, हें खरें. ज्याच्या वस्तींत पाणी येत नाहीं त्यास मात्र दाद मागावयास एकच ओळखीचा उंबरठा असतो, तो सभासदाचा. तो उंबरठा तीन वर्षें बंद होता; पण ज्यांस त्याची गरज नव्हती त्यांच्या तें लक्षांतहि आलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, यावर उपाय सोपा आहे; शिक्षणाचा प्रसार करा, म्हणजे कारभार आपोआप सुधारेल. आम्ही शिक्षकाचा पेशा पत्करलेला असल्यामुळें हें मत आम्हांस गोड वाटावें असेंच आहे. तरी तें तसेंच्या तसें स्वीकारण्यास आमचें मन घेत नाहीं. शिक्षणानें माणसाच्या हातीं लेखणी येते. ती कोणाच्या बाजूनें चालेल, हें तेवढ्यानें ठरत नाहीं. आज आपल्या शहरांत अर्ज कोण लिहितो? कायद्याचें कलम कोण दाखवितो? अधिकाऱ्यास भेटण्याची वेळ कोणास मिळते? ज्यास शिक्षण आधींच मिळालें आहे त्यास. पदपथावर भाजी विकणारी बाई रहदारीस अडथळा करते, असा सुरेख भाषेंतला अर्ज तिच्याकडूनच रोज भाजी घेणारे लोक लिहितात. त्या बाईच्या बाजूनें २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा उभा आहे. नगर पथविक्रेता समितींत निदान शेंकडा ४० सभासद विक्रेत्यांनीं आपल्यांतून निवडलेले असावे, असें तो सांगतो. पण ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नसते, आणि अर्ज लिहिणाऱ्यास ती ठाऊक असली तरी सोयीची नसते. अशा रीतीनें, ज्यास अर्ज लिहितां येतो त्याचेंच नगर होऊन बसतें. शिक्षण वाढलें आणि तें एकाच बाजूस वाढलें, तर नगरांतील अंतर कमी होण्याऐवजीं रुंदावतें. आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म येथें आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रांत फार पूर्वीं एका पुरुषानें ओळखली होती. जोतीराव फुले हे पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. पुढें त्यांनीं मुलींसाठीं व अस्पृश्यांसाठीं शाळा काढल्या, हें प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत आहे. ते १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते, हें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतार्थ शहर शृंगारण्यासाठीं १,००० रुपये खर्चावे अशी सूचना आली. हा पैसा शिक्षणाकडे लावावा असें म्हणून एकट्या जोतीरावांनीं तीस विरोध केला. मंडईची मोठी इमारत उठविण्याचें ठरलें, तेव्हांहि त्यांनीं शिक्षणाचाच पक्ष घेतला. ती इमारत आज महात्मा फुले मंडई या नांवानें ओळखली जाते, हा काळाचा न्याय म्हणावा. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन केलें त्याचा आशय हाच कीं, सरकारी तिजोरींतील पैसा कष्टकऱ्यांच्या घामाचा असून तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो. प्राथमिक शिक्षण सर्वांस मिळालें पाहिजे. शाळेचा प्रश्न आणि नगराच्या हिशेबाचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, अशी त्यांची दृष्टि होती.

त्याच पुण्यांतील दुसरें उदाहरण आमच्या काळचें आहे. १९९० च्या सुमारास तेथील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागांतील कार्यकर्त्या कचरा वेंचणाऱ्या स्त्रियांकडे गेल्या. या स्त्रिया बहुतेक दलित समाजांतील. कचराकुंडींत हात घालून कागद, कांच व पत्रा वेंचावयाचा, तो भंगारवाल्यास विकावयाचा, आणि वर चोरीचा आळ व लोकांच्या शिव्या सोसावयाच्या, असा त्यांचा दिनक्रम. अक्षरें शिकवूं म्हणून गेलेल्या विदुषींस तेथें स्वतःच धडा घ्यावा लागला. घरोघरीं ओला व सुका कचरा वेगळा ठेविला, तर वेंचणारीचे कष्ट वांचतात, कमाई वाढते आणि शहरहि स्वच्छ राहतें, हें व्यवहारज्ञान त्या स्त्रियांच्या कामांतूनच उमगावयाचें होतें. यांतूनच १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांचें नेतृत्व तिला लाभलें. महानगरपालिकेच्या मान्यतेचीं ओळखपत्रें आलीं, विम्याची सोय झाली, आणि २००८ सालीं याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशीं करार करून दारोदारचा कचरा उचलूं लागली. काल ज्यांस शहराचा उपद्रव समजत, त्या बाया कराराच्या कागदावर शहराच्या भागीदार झाल्या. त्यांच्या अडचणी संपल्या असें आम्ही म्हणत नाहीं. कराराचें नूतनीकरण करवून घेण्यासाठीं त्यांस पुनःपुन्हा झगडावें लागलें आहे. परंतु शिक्षण आणि नगरकारभार यांचा खरा सांधा कसा जुळतो, हें या उदाहरणांत स्पष्ट दिसतें. शिकलेल्यांनीं आधीं ऐकलें, न शिकलेल्यांनीं संघटित होऊन मागितलें, आणि नगरसंस्थेस दोघांचें मानावें लागलें.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, शाळेंत राजकारण आणूं नये. पक्षाचें राजकारण शाळेंत नको, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु वस्तींतले नळ मोजणें हें राजकारण नव्हे, तें गणित आहे. नगराचें अंदाजपत्रक वाचणें हें भाषेचें आणि अंकांचें काम आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानेंच नगरपालिकेच्या शाळांत पालकांची व्यवस्थापन समिती सांगितली असून तींत तीनचतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या असें ठरविलें आहे. बाहेरगांवाहून पोटासाठीं आलेल्या कुटुंबांच्या मुलांस शाळेंत दाखल करून घेणें, हें कर्तव्यहि त्याच कायद्यानें स्थानिक संस्थांवर घातलें आहे. तेव्हां कारभार शाळेच्या दारांतून केव्हांच आंत आलेला आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, नगराचीं कामें किचकट असतात, तीं तज्ज्ञांवर सोडावीं. तज्ज्ञांचा आम्हीं अनादर करीत नाहीं. नळाची तोटी किती रुंद असावी हें अभियंत्यानें सांगावें. पण त्या नळास पाणी मध्यरात्रीनंतर येतें, त्यासाठीं घरांतील थोरली मुलगी जागी राहते, आणि सकाळीं ती वर्गांत पेंगते, हें त्याच्या नकाशावर उमटत नाहीं. तें त्या मुलीस ठाऊक असतें, आणि डोळे उघडे असले तर तिच्या शिक्षकास. ही माहिती सभागृहापर्यंत नेण्याची वाट बांधणें हेंच सुशासन होय.

मग करावें काय? आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहींत. पहिली ही कीं, नागरिकशास्त्राच्या तासांपैकीं कांहीं तास प्रत्येक शाळेनें आपल्याच प्रभागास द्यावे. विद्यार्थ्यांनीं प्रभागाचा नकाशा काढावा. त्यांत नळ, शौचालयें, दिवे, कचऱ्याच्या जागा आणि शाळा दाखवाव्या, आणि कोठें काय नाहीं तेंहि दाखवावें. दुसरी सूचना, नवव्या-दहाव्या इयत्तेनें महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकांतील आपल्या भागाचीं पानें वाचावीं, आणि न समजलेल्या बाबींविषयीं माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें विचारणा कशी करितात, तें शिकावें. तिसरी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते: वर्षांतून निदान दोनदां सफाई कामगार, फेरीवाली, बांधकामावरील मजूर यांपैकीं कोणास शाळेंत पाहुणा म्हणून सन्मानानें बोलवावें, आणि विद्यार्थ्यांनीं त्यांचें शांतपणें ऐकावें. त्या दिवशीं भाषण पाहुण्याचें व्हावें, आमचें नव्हे.

नगरसंस्थांसहि आमचें मागणें आहे. पुणें महानगरपालिकेनें २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकांत घेण्याची प्रथा सुरू केली, ती स्तुत्य आहे. पण अशा सूचना मागविण्याची जाहिरात ज्यास वाचतां येते त्याच्याच सूचना जर येणार असतील, तर मघाशीं सांगितलेला दोष तेथेंहि शिरेल. अंदाजपत्रकाचा प्रभागवार गोषवारा सोप्या मराठींत प्रत्येक नगरशाळेच्या भिंतीवर लागावा, आणि प्रभागाच्या सभा मजुरीचा दिवस न बुडतां येतां येईल अशा वेळीं, शाळेच्याच दालनांत भराव्या. शाळेची इमारत संध्याकाळीं रिकामी असते. सर्वांच्या ओळखीची अशी दुसरी जागा वस्तींत क्वचितच असते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें अभियंते, वकील, अधिकारी व्हाल, आणि अर्ज लिहिण्याची कला तुमच्या हातीं राहील. ती वापरण्यापूर्वीं, या अर्जानें कोणाची जागा जाणार आहे, हा एक प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय येथेंच लावून घ्या. आणि आमची एक इच्छा आहे. या वार्षिकाच्या पुढील अंकांत निबंध व कविता यांच्या जोडीस आपल्या शाळेभोंवतालच्या प्रभागाचा एक नकाशा छापला जावा. तो तुम्हीं पायीं हिंडून काढलेला असावा, आणि त्यांत ज्या घरांपाशीं नळ नाहीं तीं घरें तांबड्या शाईनें दाखविलेलीं असावीं. त्याची एक प्रत आम्ही स्वतः प्रभाग कार्यालयांत नेऊन देऊं.