कपाटातील उरलेले प्रतिजैविक

२०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते. पूर ओसरला की लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून त्याचे जिवाणू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. म्हणून अशा पाण्यात वावरलेल्यांना डॉक्सिसायक्लिन दिले जाते. ते योग्यच आहे. मात्र उरलेल्या गोळ्या कपाटात राहतात आणि पुढे खोकला, कणकण, जुलाब अशा कशावरही आजोबांच्या हातावर ठेवल्या जातात.

डॉक्सिसायक्लिन हे व्यापक प्रभावाचे प्रतिजैविक आहे. ते जिवाणूंमधील प्रथिननिर्मिती थांबवते. सर्दी व फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर या औषधाचा काडीचाही उपयोग नाही.

खरी अडचण वेळेची आहे. घरातील मुलगा वा सून फाउंड्रीच्या पहिल्या पाळीला जायची घाई, म्हणून न्याहरीनंतर सगळ्या गोळ्या एकदम मुठीत दिल्या जातात. त्यांत कॅल्शियम असते, लोहाची गोळी असते, कधी आम्लपित्ताचे पातळ औषधही. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधे या धातूंशी पोटातच बांधली जातात आणि रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. मग ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून आणखी कडक औषधाची मागणी होते! सिप्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियमच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यावे. नुसत्या दुधाबरोबर तर नकोच. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावे व पुढे अर्धा तास आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पडतो.

सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिन यांच्याबाबत साठीनंतर विशेष जपावे. टाचेमागची कंडरा दुखावण्याचा, प्रसंगी तुटण्याचा धोका असतो. सोबत प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड चालू असल्यास तो वाढतो. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर एकाएकी उतरू शकते. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या तर ‘वयोमानाने’ असे म्हणून सोडून देऊ नये. आधी साखर तपासावी. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन वा अ‍ॅसिनोकौमारॉल चालू असेल, तर अनेक प्रतिजैविकांमुळे त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आयएनआर तपासणी त्या दिवसांत लवकर करून घ्यावी.

मूत्रपिंडाचेही तसेच. कृश वृद्धांच्या अंगात स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कागदावर नेमस्त दिसते, पण मूत्रपिंडाची क्षमता घटलेली असते. म्हणून मात्रा केवळ अहवालातील आकड्यावर नव्हे, तर वय आणि वजन पाहून ठरवावी लागते.

लघवीच्या अहवालात पू-पेशी दिसल्या की नातेवाईक घाबरतात. जळजळ नाही, ताप नाही, तर वृद्धांमध्ये बहुधा औषधाची गरज नसते. हे पटवून देण्यात माझा बराच वेळ जातो, औषध लिहून देणे त्यामानाने फार सोपे!

प्रतिजैविक चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांतही पातळ जुलाब सुरू झाले, तर जुलाब थांबवणारी गोळी परस्पर देऊ नये. आतड्यातील उपकारक जिवाणू मेल्याने क्लॉस्ट्रिडियम डिफिसील नावाचा जिवाणू माजतो, आणि वृद्धांत तो जिवावर बेतू शकतो.

पाकिटावरील उभी लाल रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषध घेऊ नये, हे सांगते; त्याबाबतची मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केली. पुढच्या वेळी येताना घरातील अशी सारी पाकिटे, कॅल्शियमची बाटलीसुद्धा, पिशवीत घालून आणावीत.