डाव कोणाचा, माती कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालमीत मोठे भांडण झाले. भांडण कुस्तीवरून होते, पण कुस्ती एकही झाली नाही. सगळे तोंडानेच लढले.

भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी दिसते अशा एका वस्तीवर आमचे घर आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर तालीम. आजोबांच्या तरुणपणी तिच्या हौदात पहाटे चारला माती उकरली जायची. ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती माती लोण्यासारखी मऊ करीत, असे आजोबा सांगतात, आणि सांगताना अजूनही उजवा हात आपोआप मांडीवर शड्डू ठोकायला जातो. आज त्या हौदाच्या अर्ध्या भागात खताची पोती रचलेली आहेत. उरलेल्या अर्ध्यात सातआठ पोरे घाम गाळतात.

झाले असे, की एका सद्गृहस्थाने तालमीला गादी द्यायची तयारी दाखविली. गादी म्हणजे लोडतक्क्याची नव्हे, ऑलिंपिकच्या कुस्तीची मॅट. यावर वडीलधारी मंडळी उसळली. "गादी विलायती. कुस्ती आपली. साऱ्या जगाने ती आपल्याकडून उचलली, आणि आता त्यांचे उष्टे आपण खायचे काय?" पोरेही गप्प बसली नाहीत. "माती गावठी झाली. जग गादीवर लढते. हौद बुजवा आणि फरशी करा!" मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून दोन्ही बाजूंनी मला साक्षीला ओढले. तेव्हा मला बोलता आले नाही. म्हणून हा लेख.

आधी वडीलधाऱ्यांचे म्हणणे पाहू. युद्धकलेचे सारे मूळ भारतात, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. कराटेच्या वर्गात गेलो तर तेथेही हेच. बोधिधर्म नावाचा भारतीय भिक्षू चीनमध्ये गेला, शाओलिन मठात त्याने भिक्षूंना व्यायाम शिकविला, त्यातून कुंग फू, कुंग फूतून कराटे. ऐकायला फार गोड वाटते. मलाही वाटले. पण ज्या पोथीवर ही कथा उभी आहे ती स्नायू बळकट करण्याची पोथी बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी, सतराव्या शतकात, रचली गेली आणि तिला जुनेपण यावे म्हणून खोटी प्रस्तावना जोडली गेली, असे खुद्द चिनी संशोधकांनीच दाखवून दिले आहे. ताङ हाओ या अभ्यासकाने १९३० च्या सुमारास या कथेचा समाचार घेतला. शाओलिन मठाचा पहिला प्रमुख भारतीय भिक्षू होता, एवढे मात्र परंपरेने मान्य आहे. त्यावर समाधान मानायला हरकत नाही.

जपान्यांनी तरी काय केले? कराटे हा शब्द पूर्वी 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. ओकिनावा बेटावर चीनकडून आलेली विद्या, म्हणून ते नाव. १९३० नंतरच्या दशकात, जपानचे चीनशी वैर शिगेला पोहोचले असताना, तेथल्या गुरूंनी उच्चार तोच ठेवून अक्षरे बदलली आणि अर्थ झाला 'रिकामा हात'. एका अक्षराच्या फेऱ्यात चीन गायब! तेव्हा मुळाचा अभिमान हा आपल्याच घरचा रोग आहे असे समजू नये.

पाश्चात्त्यांचा दावा याच्या उलट. ग्रीकांच्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती इ. स. पूर्व ७०८ पासून, आणि बुक्की, लाथ, पकड सगळे चालणारी पँक्रेशन नावाची झुंज इ. स. पूर्व ६४८ पासून. अलेक्झांडर बियास नदीपर्यंत आला, त्याच्या सैन्याबरोबर डायॉक्सिप्पस नावाचा नामांकित ग्रीक मल्लही होता. म्हणून भारताला झुंज ग्रीकांनी शिकविली, असे काहीजण म्हणतात. म्हणजे ते येण्यापूर्वी इथे कोणी कोणाला आपटतच नव्हते! बुद्धाच्या काळी ज्या गणराज्याचे नावच 'मल्ल' होते, तिथल्या लोकांनी अलेक्झांडरची वाट पाहिली असेल, हे मला तरी पटत नाही.

इजिप्तमध्ये बेनी हसन नावाच्या ठिकाणी कबरी आहेत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांच्या भिंतींवर कुस्ती करणाऱ्या शेकडो जोड्या रंगविल्या आहेत, एक काळसर आणि एक तांबूस, म्हणजे कोणाचा हात कुठे हे कळावे. ग्रंथालयातल्या एका पुस्तकातील हे चित्र मी आजोबांना दाखविले. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि बोट ठेवीत गेले : हा पट काढतोय, ही मोळी, हा मागून कब्जा घेतोय. मग म्हणाले, "कुठल्या तालमीचं हे?" मी सांगितले. ते म्हणाले, "असंल. माणसाला दोनच हात आन् दोनच पाय. दुसरं करील काय?"

माझ्या मते साऱ्या वादावरचे हे सर्वांत शहाणपणाचे भाष्य आहे. आपला धोबीपछाड जुदोत वेगळ्या नावाने आहे. आपली कलाजंग पाश्चात्त्य कुस्तीत आहे. ढाक सर्वत्र आहे. एवढ्यावरून कोणी कोणाकडून चोरले हे सिद्ध होत नाही. माणसाचा सांधा जगभर एकाच बाजूला वाकतो, त्यामुळे डाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकतात.

याचा अर्थ देवाणघेवाण झालीच नाही असा नव्हे. ती भरपूर झाली, पण तिचा माग डावांत न शोधता शब्दांत शोधावा. आमच्या भांडणात "कुस्ती आपली, शुद्ध आपली" असे जे ओरडत होते त्यांच्या तोंडचे शब्द मी मनात मोजत होतो. कुस्ती हा शब्द फारसी. पहिलवान फारसी. वस्ताद म्हणजे फारसी उस्ताद. तालीम अरबी, अर्थ शिक्षण. ज्या हौदाच्या रक्षणासाठी सारे उभे होते तो हौदही अरबी! मल्ल, आखाडा, मुद्गल हे शब्द मात्र इथलेच. आणि 'जोर-बैठका' या जोडशब्दात जोर इराणचा नि बैठक इथली, दोघे शतकानुशतके एका दमात मारले जात आहेत. इराणात व्यायामशाळेला जोरखाना म्हणतात, तिथेही मधोमध खोलगट जागा असते आणि मुद्गलासारखी लाकडे फिरवितात. इथली मल्लविद्या आणि तिकडची पहिलवानी यांचा दख्खनेत आणि हिंदुस्थानात संसार झाला, त्याचे अपत्य म्हणजे आपली कुस्ती. ती आपलीच आहे. पण शुद्ध नाही, आणि शुद्ध नाही म्हणून कमी नाही.

उलट दिशेनेही माल गेलाच की. आपले मुद्गल ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिले, हलके करून विलायतेला नेले. तिकडे ते 'इंडियन क्लब' या नावाने इतके रुजले की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांची स्पर्धा होती. नावातला 'इंडियन' त्यांनी पुसला नाही, हे नमूद केले पाहिजे.

मल्लखांबाची गोष्ट तर घरातलीच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी वणीच्या सप्तशृंगीपाशी उपासना केली, मारुतीने दृष्टान्त दिला आणि मल्लखांब जन्माला आला, असे आपण ऐकतो. मात्र कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या व्यायामात मल्लस्तंभ आलेला आहे. म्हणजे देवधरांच्या आधी साडेसहाशे वर्षे! मग देवधरांचे श्रेय गेले काय? मुळीच नाही. ग्रंथातला स्तंभ ग्रंथात उभा होता. आज शाळेशाळेतून जी पोरे खांबावर उलटी लटकतात ती देवधरांच्या शिष्यपरंपरेमुळे. कोणी प्रथम केले यापेक्षा कोणी पुढच्याच्या हातात दिले, याला माझ्या लेखी अधिक मोल आहे.

आता पुन्हा गादीकडे. कुस्तीची पंढरी म्हणजे कोल्हापूर, आणि कोल्हापूरचे खासबाग मैदान म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांचा देव्हारा. ते मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पुरे केले, ते १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर. रोमचा आकार आणि कोल्हापूरची माती! महाराजांना विलायती नक्कल केली म्हणून कोणी हसल्याचे मी वाचलेले नाही.

आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला ते गेले तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला गादी नवखी होती. तरीही सहावा क्रमांक. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. (आमच्या प्राचार्यांनी हे वाचून घाबरू नये.) मातीने खाशाबांना दम दिला, पदक मात्र गादीवर मिळाले. महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. जे राज्याच्या मैदानात नांदते ते आमच्या चार खणांच्या तालमीत का नांदू नये?

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय माझा कळवळा खरा कुठला ते कळणार नाही. माझी चुलतबहीण नववीत आहे. ती कुस्ती खेळते. आमच्या तालमीत मुलीने हौदात उतरायचे नाही असा दंडक, म्हणून ती शेतात, मोकळ्या सऱ्यांत माझ्याशी धरते. तालुक्याला जिंकली. जिल्ह्याला गेली तेव्हा पहिल्यांदा गादीवर पाऊल टाकले, बुटांसकट, आणि पाय कुठे रोवायचा हेच तिला कळेना. दोन मिनिटांत हरली. घरी येऊन ती रडली नाही. पायाला बूट कसे वाटले तेवढेच सांगत बसली. २०१६ साली साक्षी मलिकने ऑलिंपिकचे पदक आणले त्याची चित्रे आमच्या तालमीच्या भिंतीवर आहेत. त्या भिंतीच्या आत मात्र हिला जागा नाही. आणि अडवणारे कारण काय देतात? तेच. परंपरा, मूळ, आपले आणि परके. गादी आली तर 'हौदाचा दंडक गादीला लागू नाही' असे म्हणायला निदान एक फट मिळते. मी गादीच्या बाजूने का बोलतो, त्याचे अर्धे कारण हे आहे.

पण हौद बुजवायलाही माझा तितकाच विरोध. खताची पोती उचलली तर गादीला जागा होते. मातीला हात लावायची गरज नाही. पोती ज्यांची आहेत ते फारसे लांबचे नाहीत.

हे सारे मी शेवटी वस्तादांच्या घरी जाऊन त्यांना सांगितले. फारसी शब्दांचे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. "म्हणजे मी वस्ताद, हेपण बाहेरचं?" मी मान हलविली. ते हसले, तंबाखू मळली. मग म्हणाले, "पोती सोमवारी हलवू. गादीचं बघू." मुलीचे मी विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही. पण निघताना त्यांनी मला थांबविले आणि विचारले, "बूट कुठल्या मापाचे लागतात तिला?"