आधी लोखंड, मग कोड

मंडळी, पहिलं मिलिंग मशीन कुठलं घ्यावं, असं हल्ली कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा आमच्याच जातकुळीतला असतो: सॉफ्टवेअरवाला, पगार बरा, घरात एक रिकामी खोली, आणि डोक्यात एकच विचार. साधं मशीन घ्यायचं, त्याला मोटारी बसवायच्या, सीएनसी करायचं, झालं! त्याची कंट्रोलर बोर्डांची तुलना तयार असते, पण मशीनबद्दल मात्र "बघू एखादं स्वस्तातलं" एवढंच.

मीही असाच होतो. म्हणूनच आज जरा स्पष्ट लिहितोय.

मला दुर्बिणीच्या माउंटसाठी १२ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेट करायच्या होत्या. बाबांनी ३४ वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्यात मिलिंग मशीनवर काढली. त्यांना विचारायचं सोडून अस्मादिकांनी इंटरनेटला विचारलं आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीचा एक छोटा राउटर मागवला. लाकूड, अॅक्रिलिक, पीसीबी यांसाठी ते खेळणं छानच आहे. पण अॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये कटर घातला आणि असा काही किंचाळला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. गोल भोक म्हणून जे निघालं ते बटाट्याच्या आकाराचं.

बाबांनी काही न बोलता कपाटातून आपला जुना डायल इंडिकेटर काढला, टेबलावर उभा केला, सुई स्पिंडलला टेकवली आणि स्पिंडल अंगठ्यानं नुसता दाबला. काटा सरकला. चांगला सरकला!

"याला बॅकलॅश नाही रे, लकवा आहे," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

तर सांगायचा मुद्दा असा. आपल्या धंद्यात प्रत्येक चूक कोडमध्ये दुरुस्त होते, अशी आपल्याला सवय लागलेली असते. म्हणून आपण गणित करतो: स्टेपर मोटारीच्या एका फेऱ्यात २०० स्टेप्स, ८ पट मायक्रोस्टेपिंग, म्हणजे १६००. बॉलस्क्रूची लीड ५ मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० स्टेप्स, जवळपास ३ मायक्रॉनचं रिझोल्यूशन! वा!! पण स्क्रू आणि नटमध्ये ०.२ मिलिमीटरचा खेळ असेल, तर दिशा बदलताना पहिल्या ६४ स्टेप्स हवेत जातात. मोटर फिरते, टेबल हलत नाही. वर्तुळ कापताना एकेका अक्षाची दिशा जिथे उलटते, तिथे बरोबर डाग उमटतो.

"पण सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन असतं ना?" असतं. माक-३ मध्ये होतं, लिनक्ससीएनसीमध्ये आहे. पण ते आंधळं असतं. दिशा बदलली की ठरलेल्या स्टेप्स जास्त टाकायच्या, एवढंच त्याला कळतं. टेबल खरंच कुठे आहे हे साध्या स्टेपरच्या मशीनला माहीतच नसतं. क्लाइंब मिलिंग करताना तर कटर स्वतःच टेबलाला पुढे ओढतो आणि त्या खेळाएवढी उडी मारतो. कटर मोडला की मग कोड काय करणार, कप्पाळ?

आता प्रत्यक्ष निवडीबद्दल. (ही आपली माझी मतं हं, पटतील तेवढी घ्या.)

शेर्लाइन आणि टेग ही अमेरिकन छोटी मशिन्स कारागिरीला सुरेख. घड्याळाएवढी कामं करणाऱ्यानं जरूर घ्यावीत. पण माझ्या ब्रॅकेटना ती अपुरी, आणि इथे आणेपर्यंत खिसा रिकामा.

शांघायच्या सीग कंपनीचं एक्स-२ हे या छंदातलं सर्वांत गाजलेलं मशीन. ५०-६० किलोचं, दोघांनी उचलता येतं. पण त्याचे दोष ठाऊक असू द्या. जुन्या मॉडेलचा तिरका होणारा कॉलम एकाच मोठ्या नटावर उभा, तोच डोलतो. हेडमधले गिअर प्लास्टिकचे, कटर अडकला की दात गेलेच. बहुतेक लोक पुढे बेल्ट बसवतात. झेड अक्षाला रॅक-पिनियन, म्हणजे सीएनसीसाठी तिथे नवा स्क्रू आलाच.

दुसऱ्या टोकाला आपल्याकडच्या टूलरूममधली जुनी एम१टीआर, म्हणजे ब्रिजपोर्टच्या धाटणीची. मशीन म्हणून राजा माणूस! पण वजन टनाच्या घरात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं फक्त नमस्कार करावा. तळमजला किंवा शेड असेल तर मात्र भोसरीत एक चक्कर जरूर मारा.

माझं मत मधल्या वर्गाला: एक्स-३ सारखं, दीडशे किलोच्या पुढचं, कॉलम पक्का आणि डव्हटेल रुंद. टेबल, हेड, कॉलम वेगळे करून जिन्यानं नेता येतं. स्पिंडलला शक्यतो आर-८ टेपर बघा, एमटी-३ घट्ट बसला की प्रत्येक वेळी हातोडी.

घेताना खिशात डायल इंडिकेटर हवाच. चाक मागे-पुढे फिरवून खेळ मोजा. टेबल हातानं ढकलून बघा. हेड दाबून काटा बघा. नटातला खेळ बॉलस्क्रूनं जाईल, गिबचा ढिलेपणा स्क्रू आवळून जाईल, पण डोलणारा कॉलम कशानंच जात नाही. आणि सगळे पैसे मशीनवर उडवू नका. व्हाइस, कोलेट, कटर, क्लॅम्प यांतच माझे जवळपास तेवढेच गेले.

शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं: घेतल्या घेतल्या मोटारी बसवू नका. तीन महिने हातानं चालवा. १९५२ साली एमआयटीत जे पहिलं संख्यानियंत्रित मिलिंग मशीन दाखवलं गेलं, तेसुद्धा सिनसिनाटीच्या हायड्रोटेल या तयार मशीनवरच उभं केलेलं होतं. म्हणजे पहिलं सीएनसीचं पूर्वजही 'कन्व्हर्जन'च! लोखंड आधी चांगलं होतं, मेंदू नंतर आला.

मी दुसऱ्या मशीनवर हे तीन महिने बाबांबरोबर काढले. कटरचा आवाज बदलला की फीड कमी करायचं, हे त्यांच्या हाताला कळायचं. माझ्या हाताला कळायला दोन महिने लागले. फीडचे आकडे जी-कोडमध्ये आज लिहितो तेव्हा मला ते चाकाचं वजन मनगटात जाणवतं. आणि खरं सांगू? ३४ वर्षं ते नेमकं काय करत होते, हे मी त्यांना तोपर्यंत कधी विचारलंच नव्हतं.

मोटारी बसल्या, पहिली ब्रॅकेट आपोआप कापून निघाली. बाबांनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. "बरी आहे," म्हणाले. आमच्याकडे याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

असो. राउटर अजून आहे, लेक त्यावर नावाच्या पाट्या कोरते. तुमचं मशीन ठरलं की सांगा, आणि घरात एखादा जुना मशिनिस्ट असेल तर आधी त्याला विचारा.