सुटींतील देवगिरि

सुटी लागली कीं नाशिककर गृहस्थ सहकुटुंब थंड हवेचें ठिकाण शोधूं लागतो. यंदां आम्हीं मुलें, सुना व नातवंडें यांसह देवगिरीची वाट धरली. नाशिक रोडहून मनमाडमार्गें आगगाडीनें दौलताबाद स्थानकास उतरतां येतें.

देवगिरि आपणांस परका नव्हे. ज्या यादवकुळाची ती राजधानी, त्याचा उदय आपल्याच प्रांतांत झाला. सेउणचंद्रानें वसविलेलें नगर म्हणजे आपलें सिन्नर. पुढें बाराव्या शतकाच्या अखेरीस पांचव्या भिल्लमानें देवगिरीस गादी नेली. त्याच वंशांतील रामचंद्राच्या कारकीर्दींत, १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. म्हणून मुलांस आधीं सिन्नरचें गोंदेश्वराचें देऊळ दाखवावें व मग येथें आणावें. दोहोंमधील धागा त्यांच्या ध्यानीं राहतो.

दुर्गाची रचना पाहून मति गुंग होते. कोटामागें कोट, खडकांत खोदलेला खंदक, भिंतीसारखा तासलेला उभा कडा, आणि वर जाण्यास ‘अंधारी’ नांवाचा वळणावळणाचा काळोखी मार्ग! तेथील वटवाघळांस भिऊन धाकटी नात आजीच्या पदराआड लपली. थोरल्या नातवानें मात्र विचारलें, “आजोबा, असा किल्ला शत्रूस मिळाला तरी कसा?” आम्ही क्षणभर घुटमळलों, तों सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, खरें तेंच सांगा हो.”

तेव्हां आम्हीं सांगितलें: १२९६ सालीं प्रयागेजवळील कडा येथून अल्लाउद्दीन खिलजी विंध्य ओलांडून आला, तरी राजास वेळेवर सुगावा नव्हता. युवराज शंकरदेव सैन्यासह दूर होता. घाईनें गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजीं मीठ निघालें, अशीही कथा आहे. कडा अभेद्यच होता; हेर व कोठार यांकडे मात्र दुर्लक्ष झालें. आजी लगेच म्हणाल्या, “पोतें उघडून पाहिल्यावांचून आम्ही वाण्याकडून तांदूळसुद्धां घेत नाहीं!”

मुलांपुढें केवळ विजय सांगावेत, असें कांहीं वडील मंडळींचें मत असतें. आम्हांस तें पटत नाहीं. ज्यास पराभवाचीं कारणें ठाऊक नाहींत, तो एक तर भाबडा अभिमान बाळगतो, नाहीं तर शेजाऱ्याचा द्वेष. देवगिरीस दोहोंवर उतारा आहे. जुन्या देवळांच्या खांबांवर उभारलेली मशीद तेथें आहे, व १९४८ पासून तींत भारतमातेची मूर्ति आहे. याच गडावर मुसलमान राजवटींत किल्लेदार असलेल्या जनार्दनस्वामींपाशीं पैठणच्या एकनाथांनीं गुरुसेवा केली. १३२७ सालीं महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें हलविली व दौलताबाद हें नांव रूढ केलें. तीही फार काळ टिकली नाहीं. हें सारें मुलांस सांगावें.

जाणाऱ्यांनीं सकाळीं लौकर चढावें, पाणी व विजेरी जवळ ठेवावी, आणि आदल्या रात्रीं घरीं यादवांचा इतिहास मोठ्यानें वाचावा. मुलें प्रश्न विचारतील. उत्तराची तयारी वडिलांनीं ठेवावी.