शतपावलीपासून सुरुवात

वजन उतरवण्यात मोठा वाटा ताटाचा असतो आणि उतरलेले वजन राखण्यात पायांचा. या दोहोंची गल्लत झाली की व्यायामाचा नेम महिन्याभरात मोडतो, कारण ताटाचे काम पायांकडून मागितले जाते.

हिशेब सरळ आहे. सत्तर किलो वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण १३० ते १५० कॅलरी खर्च होतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे तेल सुटेपर्यंत कुटलेली सोलापुरी शेंगाचटणी दोन मोठे चमचे घेतली की अर्ध्या तासाचे चालणे फिटले. चटणीचा यात काही दोष नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही हे कष्टकऱ्याचे उत्तम जेवण आहे. मात्र चालून आल्याच्या समाधानात चटणीची वाटी आणखी एकदा पुढे ओढली गेली, तर वजनकाटा जागचा हलत नाही. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. खाणे तेवढेच ठेवून रोज अर्धा तास चालणाऱ्याचे महिन्याला कागदावर अर्धा किलो उतरते, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. पाच किलोंच्या आशेने नवे बूट घेणारा इथेच निराश होतो आणि बूट चपलांच्या रॅकमध्ये मागे सरकतात.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेलेल्या वजन घटवण्याच्या मोहिमेत अटी दोन होत्या: दिवसातून दोनदाच जेवण आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. घराघरांत रंगली ती पहिल्या अटीची चर्चा. दुसरी अट मागे पडायला नको होती, कारण वर्षानुवर्षे साथ देणारी तीच आहे.

काट्यावरचा आकडाही पुरते सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणात दोघे अगदी सारखे, दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडचा माणूस बारीक दिसतो आणि आतून चरबी बाळगतो, ती बहुधा पोटाभोवती. म्हणून भारतीयांसाठी जाड-बारीक ठरवण्याच्या मर्यादा खाली आणलेल्या आहेत: बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा, कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत. शिंप्याकडची टेप घरात असली तरी पुष्कळ झाले. व्यायाम सुरू केल्यावर वजन न हलता कंबर दोन बोटे कमी झाली, तर ते यशच समजावे.

वजन उतरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. घटलेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्चते आणि भूक मात्र वाढवते. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. बहुतेकांचे वजन बरेच परतले होते आणि त्यांचे शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी वापरत होते. ज्यांची वजनातील घट जास्त टिकली, त्यांची हालचाल इतरांपेक्षा जास्त होती. त्याच देशात १९९४ पासून एक नोंदवही चालते. किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर राखलेल्यांनाच तीत जागा मिळते. त्यातले सुमारे ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि तो बहुतेकांचा चालण्याचाच. नोंदवहीत यशस्वी माणसेच असतात, तेव्हा हा पक्का पुरावा नव्हे. पण रस्ता कोणत्या बाजूला आहे ते कळते.

रोजचा तासभर निश्चयाच्या बळावर वर्षानुवर्षे निघत नाही, तो सवयीनेच निघतो. सवय म्हणजे ठराविक खूण दिसताच विचार न करता घडणारी कृती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असे गणित निघाले. एकवीस दिवसांत सवय लागते हे प्रचलित वाक्य त्यामुळे बाजूला ठेवलेले बरे. त्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष फार दिलासा देणारा आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही.

खुणेची ताकद सोलापूर दर वर्षी डोळ्यांनी पाहते. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज शहरातील ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. नंदीध्वजाची उंच, जड काठी तोल सांभाळत मैलोन्‌मैल नेणे ऐनवेळच्या जोशाने जमत नाही. त्यासाठी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, शेजारी तीच माणसे, आणि एखादा आला नाही तर विचारणारे दहा जण. दिवसभर यंत्रमागावर किंवा दुकानात दमलेला तरुणही तिथे न चुकता पोहोचतो. बाराबंदीचा पोशाख घालून मानाची काठी पेलायची आहे, एवढे त्याला पुरते. अंगमेहनतीचा याहून चांगला नेम शोधून सापडायचा नाही. उणीव एकच: यात्रा सरली की खूणही सरते. पंढरीच्या वारीचेही तेच. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेले पाय घरी गेल्यावर रोजच्या दोन किलोमीटरसाठी उठतीलच असे नाही.

रोजच्या खुणेला सोलापुरात आणखी एक आडकाठी आहे, ती म्हणजे पाणी येण्याचा दिवस. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात त्या सकाळी बॅरल, हंडे, घागरी, मोटार आणि मग साठलेले कपडे यांखेरीज काही सुचत नाही. सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा पार्क मैदानावर पहाटे नेमाने दिसणारी बाई त्या दिवशी दिसत नाही. नेम मोडतो तो मात्र या दिवशी नव्हे. तो मोडतो दुसऱ्या दिवशी, ‘आता चुकलेच आहे’ असे मनात आले की. आरोग्याच्या पुस्तकांत पाण्याचा दिवस नसतो, म्हणून त्यांतली वेळापत्रके इथे कोलमडतात. दोष त्या बाईच्या निश्चयाचा नसतो.

अशा शहरात घड्याळाच्या वेळेपेक्षा जेवणाला बांधलेला व्यायाम जास्त टिकावा. पाणी येवो न येवो, रात्रीचे जेवण होतेच. मराठी घरांत त्याला जोडलेली शतपावली पूर्वापार आहे, म्हणजे खूण आयती तयार आहे. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातील साखरेची चढण सौम्य होते हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. शंभर पावले अर्थात पुरेशी नाहीत. पहिले दोन आठवडे ती तेवढीच ठेवावी, फक्त चुकवू नये. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग दहा मिनिटे, मग पंधरा. पाय आपोआप दाराकडे वळू लागले की भरभर चालण्याचा वेगळा अर्धा तास दिवसात कुठेतरी बसवावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालणे वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

व्यायाम तुकड्यातुकड्यांनी केलेला चालतो का, हा प्रश्न सोलापुरातील विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी फार महत्त्वाचा आहे. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा तर मांडी मोडायला सवड नसते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. तो सलग दहा मिनिटांचा तरी हवा, ही जुनी अट २०२० च्या शिफारशींत राहिली नाही. पानांची जुडी संपली की उठून पाच मिनिटे फिरणे, माल द्यायला कारखान्यावर पायी जाणे, हे सारे मोजले जाते. त्याच शिफारशींत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आहे. शहराच्या जुन्या पेठांत तालमींची नावे अजून नांदतात. तालमीतले जोर आणि बैठका हा तोच व्यायाम. ज्यांचे गुडघे बैठका सोसत नाहीत, त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठावे आणि बसावे. आधी पाच वेळा, महिन्याने दहा वेळा.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांच्या घरात गेला की सकाळी सातनंतर चालणे अंगाशी येते. त्या दोन महिन्यांत भर रात्रीच्या चालण्यावर द्यावा, अर्धा तास जमला नाही तर पंधरा मिनिटांवर थांबावे आणि पहिला पाऊस पडून रस्ते निवले की मिनिटे पुन्हा वाढवावीत.