संकेतस्थळाचा सातबारा

आपल्या भागात सध्या एक नवी हौस आली आहे. कोणी ट्रेलर दुरुस्तीचे गॅरेज काढो, कोणी खानावळ, कोणी गोदामांना माणसे पुरवण्याचा धंदा. उद्घाटनाच्या सत्यनारायणाबरोबरच ‘आपली वेबसाइट झालीच पाहिजे’ असा आग्रह घरातली तरुण मुले धरतात. या हौसेला माझा विरोध नाही. उलट, बंदराच्या दाराशी राहणाऱ्या माणसाला संकेतस्थळाची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, असेच माझे मत आहे. परंतु आपल्याकडे ते ज्या रीतीने करवून घेतले जाते ती रीत मला घातक वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या गावांच्या नावाचेच पाहा. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या बंदराला जवाहरलाल नेहरूंचे नाव आहे. पण जगभरच्या जहाजी कागदपत्रांवर ‘न्हावा शेवा’ हेच नाव पडते. न्हावा पनवेल तालुक्यातले, शेवा उरण तालुक्यातले. खाडीकाठच्या या दोन गावांचे नाव रॉटरडॅमच्या आणि सिंगापूरच्या कारकुनांना पाठ आहे. देशातल्या प्रमुख बंदरांतून ये-जा करणाऱ्या कंटेनरांपैकी जवळजवळ निम्मे येथून जातात. असे असूनही हे नाव टाकून शोध घ्या. मुंबईच्या आणि परगावच्या मालवाहतूक कंपन्या दिसतील, क्लिअरिंग एजंट दिसतील. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे सारे उभे राहिले त्यांच्या मुलाचे गॅरेज मात्र क्वचितच दिसेल. लुधियान्याचा निर्यातदार येथे कोणालाच ओळखत नाही. तो शोधतो, आणि जे सापडेल तेथे फोन करतो. संकेतस्थळाचा खरा उपयोग या अनोळखी माणसासाठी आहे. उरणच्या बाजारात मासळी विकणाऱ्या मावशीला त्याची गरज नाही. तिची गिऱ्हाइके तिचा आवाज ओळखतात. तिच्या गळ्यात कोणी वेबसाइट मारली, तर त्याला मी सरळ फसवणूक म्हणेन.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या ओळखीच्या एका काकांची रस्त्यालगत खानावळ आहे. त्यांनी एका मुलाकडून संकेतस्थळ करून घेतले. रोख पैसे दिले, पावती घेतली नाही. दोन वर्षे सारे ठीक चालले. मग तो मुलगा नोकरीसाठी परराज्यात गेला, त्याचा फोन लागेना, आणि एके दिवशी संकेतस्थळ नाहीसे झाले. चौकशी केली तेव्हा कळले की ज्याला डोमेन म्हणतात ते नाव त्या मुलाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदलेले होते. वर्षाचे पैसे भरले गेले नाहीत म्हणून ते सुटले, आणि कुणा तिऱ्हाइताने ते उचलले. काकांच्या ट्रेच्या कागदावर, बिलबुकावर, पाटीवर जो पत्ता छापलेला आहे तो आज दुसऱ्याच्याच पानावर जाऊन पोहोचतो.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. डोमेन हे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवून मिळते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. साध्या नावाला वर्षाला काही शे रुपये पुरतात. नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या दप्तरी ज्याचे नाव असेल तो त्याचा धनी. पान कोणी रंगवले, पैसे कोणी दिले, याला तेथे किंमत नाही. मुदत टळल्यावर काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर ते नाव कोणालाही घेता येते. पाने ज्या यंत्रावर ठेवलेली असतात त्या होस्टिंगचे भाडे पुन्हा वेगळे. म्हणजे डोमेन हा सातबारा आणि होस्टिंग ही भाड्याची खोली. खोली बदलता येते, पण सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढले की सारे आटोपले.

आणि कागदावर नाव कोणाचे, या प्रश्नाचे मोल आपल्या भागाला कोणी शिकवायला नको. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मान्य झाला. त्या बलिदानाशी एका डोमेनची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. तशी ती होऊही शकत नाही. पण ज्या घरांतील आजोबांनी कागदासाठी उभा जन्म हेलपाटे घातले, त्याच घरांतील नातवंडांनी आपल्या धंद्याचे नाव बेफिकिरीने परक्याच्या खात्यावर ठेवावे, याचे मला वाईट वाटते.

यावर कोणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, फुकटच्या जागा पुष्कळ आहेत. आहेत खऱ्या. गुगलच्या नकाशावरील व्यवसाय-नोंदीतून पूर्वी फुकट संकेतस्थळ करता येत असे. २०२४ च्या मार्चमध्ये गुगलने ती सर्व संकेतस्थळे बंद केली. धनी गुगल होते, त्यांनी घर पाडले. तक्रार कोणाकडे करणार? व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम अवश्य वापरावे, नकाशावरील नोंद तर प्रत्येकाने करावीच, पण ती सारी परक्याची ओसरी आहे हे ध्यानात ठेवून.

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळते. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. तरीही व्यवहारात ते जोडीला घ्यावे, एकटे नव्हे. तामिळनाडूचा ड्रायव्हर देवनागरीत कसा टाइप करणार? इंग्रजी अक्षरांत मात्र गव्हाण, दास्तान, जासई यांची स्पेलिंगे ज्याची त्याला सुचतील तशी होतात, म्हणून नाव आखूड घ्यावे आणि फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येते का ते पाहावे.

आता मजकुराविषयी. येथे मात्र कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारावेत. आपल्याकडील बहुतेक संकेतस्थळे उघडून पाहा. सूट घातलेले गोरे लोक हस्तांदोलन करीत आहेत आणि खाली लिहिले आहे, ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. ही खानावळ आहे की विमा कंपनी, हे वाचणाऱ्याला उमगत नाही. रात्री दीड वाजता कंटेनर घेऊन आलेल्या ड्रायव्हरला काय हवे असते? ट्रेलर लावायला जागा आहे काय, जेवण किती वाजेपर्यंत मिळते, आंघोळीला पाणी आहे काय, थाळीचा दर काय, आणि कोणत्या वळणावर वळायचे. या पाच ओळी हिंदीत आणि मराठीत नीट लिहिल्या, खानावळीचा स्वतः काढलेला फोटो लावला, तर ते त्या गोऱ्या लोकांपेक्षा शतपटीने कामाचे आहे. शोध घेणाऱ्या यंत्रालाही शेवटी शब्दच वाचायचे असतात. ‘न्हावा शेवा येथे रात्री ट्रेलरचे टायर बदलून मिळतील’ असे पानाच्या शीर्षकातच असेल, तर तसे विचारणाऱ्याच्या पुढे ते पान येण्याची शक्यता वाढते. ‘पहिल्या नंबरवर आणून देतो’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलच सांगते.

प्रसाराचे बाकीचे उपाय साधे आहेत. नाव, पत्ता आणि फोन सर्वत्र एकसारखे असावेत, नकाशावरील खूण योग्य फाट्यावर असावी, ट्रेलरच्या मागच्या फळीवर आणि बिलबुकावर पत्ता रंगवावा, खऱ्या गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. विकतचे अभिप्राय मात्र घेऊ नयेत. आणि साऱ्या पानांची एक प्रत घरी ठेवावी. २०१७ च्या जूनमध्ये झालेल्या सायबर हल्ल्याने आपल्या बंदरातील एका टर्मिनलचेही काम विस्कळीत केले होते. तेथे ही गत, तर गॅरेजवाल्याने सावध राहणे बरे.

माझी सूचना एवढीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याला क्षेत्रीय प्रकल्प करावा लागतो, आणि दरवर्षी आपण ग्रंथालयातील जुन्या प्रकल्पांची नक्कल करून तो उरकतो. त्याऐवजी प्रत्येकाने एका स्थानिक व्यावसायिकाकडे चार दिवस बसावे, त्याचे गिऱ्हाईक काय विचारते ते टिपून घ्यावे आणि त्याच्या संकेतस्थळाचा मजकूर लिहून द्यावा. तांत्रिक बाजू विज्ञान शाखेचे मित्र सांभाळतील. आमच्याइतके शुद्धलेखन त्यांना जमणार नाही, एवढे त्यांनी मान्य करावे. डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर घ्यावे आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहून द्यावा. मालकाच्या नावाच्या त्या पावतीची प्रत प्रकल्पवहीला जोडल्याशिवाय प्राध्यापकांनी एकही गुण देऊ नये.