शब्द आणि ज्यूरी

उर्दूत 'राजीनामा' म्हणजे समझोत्याचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. दोन्ही भाषा शिकवताना आम्हाला हा गोंधळ नेहमी भेटतो. वर्गात त्यावर हसून मोकळे होता येते, कोर्टात नाही.

जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठी, ज्यूरीपुढे मात्र त्यांचे इंग्रजी भाषांतर. खास ज्यूरी नेमली तर मराठी न जाणणारेच जास्त येतील, ही हरकत आधीच घेतली होती; ती टिकली नाही. टिळक स्वतः २१ तासांहून अधिक बोलले. भाषांतरात कुठला शब्द मुळापेक्षा जहाल झाला, हेही त्यांनी दाखवले. पण ज्याने तो शब्द कधी घरात, बाजारात ऐकलाच नाही, त्याला हा फरक कसा पटावा? आमच्या मते अशा वेळी दलील मागे पडते आणि मनातली दहशत बोलू लागते. मुझफ्फरपूरच्या बॉम्बला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले.

आणि न्यायाधीश? १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दावर उभे राहिले, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो मंजूर केला. १९०८ मध्ये जामीन मागायला बॅरिस्टर जिना उभे होते. खुर्चीवर होते तेच दावर. त्यांनी नाकारला.